दांडीवरचा लोकरी कोट

मी एक जुना लोकरी कोट आहे. रंग गडद निळा. माझं वजन एवढं की मला दांडीवरून काढताना लोक आधी एका हाताने ओढतात आणि मग मुकाट्याने दुसरा हात लावतात.

मित्रांनो, माझा जन्म उत्तर इंग्लंडमधला. हडर्सफील्डच्या गिरणीत माझं कापड विणलं गेलं आणि लीड्सच्या एका कारखान्यात मला शिवलं. माझ्या बाह्या जोडणाऱ्या बाईचं नाव ग्लॅडिस. तोंडात टाचण्या धरूनही तिला शेजारणीशी गप्पा मारता येत. माझे खिसे तिने मापापेक्षा दोन बोटं जास्त खोल केले. शेजारीण म्हणाली, "मुकादम ओरडेल." ग्लॅडिस म्हणाली, "ओरडू दे. खिशात हात मावला नाही तर तो कोट कसला, ती बंडी."

१९७९ च्या जानेवारीत क्लिफर्ड नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. तो डोंगराळ गावातल्या सार्वजनिक बागेत माळी होता आणि सुटीच्या दिवशी पितळी वाद्यांच्या बँडमध्ये वाजवायचा. मला पहिल्यांदा घालून तो आरशापुढे उभा राहिला तेव्हा त्याची बायको मॉरीन म्हणाली, "अगदी महापौर दिसतोस. फक्त तोंड उघडू नकोस."

छत्तीस हिवाळे मी क्लिफर्डच्या अंगावर काढले. नाताळात बँड चौकात उभा राही, बर्फ पडत असे, आणि त्याच्या छातीतून निघणारा प्रत्येक सूर मला आतून जाणवत असे. पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी माझ्या उजव्या खिशात कायम असायची. ते माझे मानाचे दिवस होते.

मग क्लिफर्ड गेला. मॉरीनने मला कपाटात टांगलं. कधीतरी ती दार उघडे, माझ्या कॉलरमध्ये तोंड खुपसून उभी राही आणि पुन्हा दार लावी. अशी सात वर्षं गेली. कसरीने माझ्या कॉलरला दोन भोकं पाडली. कोणी रागावलं असतं तरी बरं वाटलं असतं, पण अंधारात माझ्याकडे बघायलाच कोणी नव्हतं.

एका सप्टेंबरात मॉरीनने मला बाहेर काढलं. भोकं रफू केली, ब्रश मारला, आणि मला हातावर टाकून ती बसने टेकडीवरच्या विद्यापीठात घेऊन गेली. त्या वर्षी गॅस आणि विजेची बिलं एवढी वाढली होती की लोक घरात टोप्या घालून बसत. विद्यापीठाच्या एका बोळकांडीत लोखंडी दांडी लावली होती. तिच्यावर पाटी होती : 'थंडी वाजत असेल तर घेऊन जा. विचारायची गरज नाही.'

मॉरीनने मला तिथे टांगलं, कॉलर नीट केली आणि मागे वळून न बघता निघून गेली.

माझ्या समोरच एक दार होतं. त्यावर कागद लावलेला : 'विद्यार्थी मदतनिधी. राहणं, खाणं, प्रवास यांचा खर्च भागत नसेल तर आत या.' आत बर्नडेट नावाच्या बाई बसत. साठीला आलेल्या, चष्मा डोक्यावर ढकललेला, आणि तो कुठे ठेवला म्हणून दिवसातून चारदा शोधणाऱ्या. त्यांचं दार कधी पूर्ण लागलेलं मी पाहिलं नाही.

दोन महिने मी नुसता बघत राहिलो. काही मुलं सरळ आत जात. काही मात्र दाराशी येऊन कागद वाचत, मग शेजारचा आग लागल्यास काय करावे हा फलकही मन लावून वाचत, आणि निघून जात. मला कोणी नेलं नाही. मी सगळ्यांनाच मोठा होत होतो.

नोव्हेंबरात एक मुलगी आली. बुटकी, लाल केसांची, पातळ जाकीट घातलेली. नाव बेथनी. पहिल्या दिवशी तिने फोनवर बोलत असल्यासारखं केलं आणि गेली. फोन बंद होता, मला दिसत होतं. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा दारातून कोणीतरी बाहेर पडलं, आणि ती आगीचा फलक वाचायला लागली. तिसऱ्यांदा तिने दार वाजवायला हात उचलला. तो तसाच हवेत राहिला. मग ती वळली, आणि कोणी पाहिलं तर काहीतरी कारण असावं म्हणून असेल, तिने मला दांडीवरून काढलं.

मित्रांनो, ती आली होती त्या दारासाठी. घेऊन गेली मला.

बेथनी प्रसूतीच्या नर्सचं शिक्षण घेत होती. तिसरं, म्हणजे शेवटचं वर्ष. या शिक्षणात अर्धा वेळ वर्गात आणि अर्धा वेळ हॉस्पिटलमध्ये काढावा लागे. हॉस्पिटलची पाळी बारा तासांची, आणि तिला पगार नाही. पूर्वी ती संध्याकाळी मासे आणि बटाट्याच्या चिप्स विकणाऱ्या दुकानात काम करायची, पण या वर्षी पाळ्या वाढल्यावर ते सुटलं. सरकारकडून शिक्षणासाठी मिळणारं कर्ज आलं की त्यातलं बहुतेक खोलीच्या भाड्यात जाई. हॉस्पिटलला जायचं बसभाडं विद्यापीठ परत देत असे, पण दोन-तीन महिन्यांनी. आधी खिशातून घालायचं, आणि खिशात तर काही नव्हतं.

खिशात काय होतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? क्लिफर्डची पेपरमिंटची पुडी मॉरीनने काढलीच नव्हती. बेथनीने ती पहिल्याच आठवड्यात संपवली. मग कॉफीच्या दुकानातल्या साखरेच्या पुड्या आल्या. मग व्याख्यानानंतर ठेवलेली बिस्किटं, कागदी रुमालात गुंडाळलेली.

ती हॉस्पिटलला चालत जाई. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. मी तिच्या घोट्यांपर्यंत येत होतो, त्यामुळे वारा लागत नसे, पण माझं ओझंही तिलाच वाहावं लागे. घरी चार मुली मिळून राहत. हीटर लावायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. रजईवर मला पसरून ती झोपायची.

दर शुक्रवारी तिच्या आईचा फोन येई. आई, लॉरेन, दूर समुद्रकाठच्या गावात केकच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करायची. वडील कधीचे वेगळे राहत होते. ऑक्टोबरात लॉरेन ओल्या फरशीवरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. काम बंद, हातात येणारे पैसे जेमतेम, आणि घरात बेथनीचा धाकटा भाऊ कॅलम. फोन माझ्या कॉलरला टेकलेला असे, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू येई.

"आई, तीस पौंड पाठवलेत बघ."

"अगं, तुला पुरतं ना?"

"दुकानात जास्तीचे तास मिळाले. चिप्स तळून तळून केसांना वास येतोय नुसता."

दुकान सुटून तेव्हा सहा आठवडे झाले होते.

जानेवारीत गोष्ट हाताबाहेर गेली. थंडी-तापाने तिच्या चार पाळ्या बुडाल्या. बरी झाली तरी चालवत नव्हतं, म्हणून आणखी दोन बुडाल्या. हॉस्पिटलात कपडे बदलायच्या खोलीत मी खुंटीला टांगलेला असायचो. एका दुपारी ती घाईने आत आली आणि माझ्या खिशात काहीतरी ठेवलं. टोस्ट होता, गार झालेला. तिथे बाळंतीण मोकळी झाली की तिला चहा आणि लोणी लावलेला टोस्ट देतात. कोणीतरी तो खाल्ला नव्हता.

तिच्या पाठोपाठ पॅट आत आली. पॅट म्हणजे तिला शिकवणारी थोरली नर्स, तीस वर्षं बाळंतपणं केलेली.

"काय ठेवलंस गं?"

बेथनीने खिशावर हात ठेवला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

"टोस्ट खायला माझी ना नाही," पॅट म्हणाली. "पण खुंटीला टांगलेल्या कोटातून काढून नाही. खाली बस आणि खा. मी दुसरा करून आणते." दुसरा आणला, तोही संपेपर्यंत ती समोर उभी राहिली. मग म्हणाली, "सकाळी बाळ धरताना तुझे हात थरथरत होते. मी पाहिलं. त्या बाईनेही पाहिलं."

"मी सोडणार आहे," बेथनी म्हणाली. "शिक्षण. सोमवारी पत्र देतेय."

"सोमवार लांब आहे. तुमच्याकडे मदतनिधी असतो ना? गेली होतीस?"

"हो, तीनदा."

"मग काय म्हणाले?"

"आत नाही गेले."

पॅटने रिकामी बशी उचलली. "उद्या पाळीला येऊ नकोस. तिथे जा. आणि आत जा."

दुसऱ्या दिवशी बर्फ पडत होता. बेथनी त्या बोळकांडीत आली, अर्धवट उघड्या दाराशी थांबली, आणि एकदम आत शिरली.

"मी हा कोट परत करायला आलेय," ती म्हणाली.

मला पुन्हा ती दांडी दिसायला लागली.

बर्नडेटनी खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्याकडे. "बाहेर गुडघाभर बर्फ आहे आणि तू कोट परत करतेयस?"

"मला मोठा होतो."

"ते दिसतंय. बस बाळ. कोट राहू दे अंगात."

बर्नडेटनी किटली लावली आणि तिच्यापुढे चहा ठेवला. मग बेथनीने सगळं सांगितलं. सगळं म्हणजे भाडं, बस, दुकान, पाळ्या. आईचं नाही. बर्नडेटनी तिला आधी किराणा दुकानाचं कूपन दिलं. "हे आजचं. याला अर्ज लागत नाही. आता मोठी मदत हवी तर बँकेचा तीन महिन्यांचा कागद दाखवावा लागेल."

बेथनीने तो फोनवर दाखवला. बर्नडेट डोक्यावरचा चष्मा शोधून, खाली ओढून वाचायला लागल्या.

"दर शुक्रवारी तीस पौंड. 'आई' लिहिलंय. हे काय?"

"ते सांगायलाच हवं का?"

"मी नाही विचारलं तर निधीची समिती विचारेल. त्यांना वाटेल, हिच्याकडे दुसऱ्याला द्यायला पैसे आहेत."

"मग राहू दे. मला अर्ज नको." बेथनी उठली. तिने माझी बटणं लावायला घेतली.

"अर्ज नको तर नको," बर्नडेट शांतपणे म्हणाल्या. "चहा तरी संपव. मी तो काही परत किटलीत ओतणार नाही."

ती पुन्हा बसली. आणि मग आईचं मनगट, कॅलम, चिप्सच्या दुकानाची खोटी गोष्ट, सगळं बाहेर आलं. "आईला कळलं तर ती एक पेनीसुद्धा घेणार नाही," ती म्हणाली. "आणि मग ते दोघं काय खातील?"

"आणि तुझं काय होतंय ते तिला कळलं नाही तर?" बर्नडेटनी विचारलं. "हे बघ, तिच्या हातच्या दोन ओळी मिळाल्या, की मी आजारी होते आणि माझी मुलगी मला पैसे पाठवत होती, तर समिती समजून घेईल. त्या ओळी मी नाही लिहू शकत. निधीत पैसे आहेत, बाळ. दर वर्षी थोडे उरतात, आणि ज्यांना द्यायचे ती मुलं शिक्षण सोडून गेलेली असतात."

त्या संध्याकाळी बेथनीने कूपनावर अंडी, पाव आणि बीन्सचे डबे घेतले. चार अंडी एकदम फोडली. मी खुर्चीच्या पाठीवर होतो, लोण्याचा वास माझ्या लोकरीत बसला. पण आईला फोन करायला तिला तीन दिवस लागले.

"आई, तू इथे येशील का? भांडायचं नाही, असं आधी कबूल कर."

"काय केलंयस?"

"आधी कबूल कर."

लॉरेन दोन गाड्या बदलून आली. एका हाताला अजून पट्टा होता आणि दुसऱ्या हातात डबा, मटण-बटाट्याच्या हंडीचा. स्टेशनवर तिने मुलीला वरून खाली पाहिलं.

"हा कोणाचा कोट?"

"माझाच."

"तुझा? तुझ्या दोन मावश्या मावतील त्यात."

मग तिने मला, म्हणजे माझ्या आतल्या मुलीला, एका हाताने जवळ घेतलं, आणि तिचा हात थांबला. एवढ्या लोकरीतूनसुद्धा तिला बरगड्या लागल्या असाव्यात.  बाकावर बसून तिने डबा उघडला आणि म्हणाली, "आधी खा. मग सांग."

बेथनीने खाल्लं आणि सांगितलं. लॉरेन रुळांकडे बघत ऐकत होती.

"मी त्यातून कॅलमला फुटबॉलचे बूट घेतले," ती शेवटी म्हणाली.

"फोटो पाठवला होतास. छान आहेत."

"बूट घेतले गं मी. आणि कारखान्यातल्या बायकांना सांगत फिरले, माझी पोर शिकतेही आणि घरही बघते." तिचा आवाज चढला, मग तिने तो खाली आणला. "भांडणार नाही म्हणाले होते. नाही भांडत. पण तू मला विचारायचं होतंस. मी तुझी आई आहे, तुझी पेशंट नाही."

"तू घेतले नसतेस."

"नसतेच घेतले. कारखान्याशी भांडले असते, बहिणीकडे गेले असते. माझ्यापुढे चार रस्ते होते. तू मला एकही बघू दिला नाहीस."

बेथनी रडली. लॉरेनने माझ्याच बाहीने तिचे डोळे पुसले.

बर्नडेटच्या टेबलावर लॉरेनने पत्र लिहिलं. उजवं मनगट दुखत होतं, पेन सारखं निसटत होतं. "बाई, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," ती म्हणाली.

"आमच्या समितीला कोंबडीचे पाय वाचता येतात," बर्नडेट म्हणाल्या.

पत्र असं होतं : 'माझा हात मोडला होता. माझ्या मुलीने मला न सांगता स्वतःच्या पोटाचे पैसे पाठवले. मी ते मागितले नव्हते. आता तिला थांबायला सांगितलं आहे. ती चांगली नर्स होईल. तिला शिकू द्या.' शेवटची ओळ खोडून तिने पुन्हा तीच लिहिली.

गुरुवारी समिती बसली. पुढच्या मंगळवारी, पहाटे हॉस्पिटलला निघताना, बेथनीने दारातच फोन पाहिला आणि पायरीवर बसली. निधीने मदत दिली होती. फार मोठी नव्हती. जूनपर्यंत बसने जाता येईल, दोन वेळ जेवता येईल आणि संध्याकाळी तासभर हीटर लावता येईल, एवढी. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा बसने गेलो. ती खिडकीशी बसली आणि दोन थांब्यांतच तिला झोप लागली. चालकाने हॉस्पिटलपाशी हाक मारून उठवलं.

इकडे लॉरेन कारखान्याच्या युनियनकडे गेली आणि ओल्या फरशीची भरपाई मागून आली. तिला ती मिळायला वर्ष लागलं, पण मिळाली. मधल्या काळात तिची बहीण कॅलमला दर शनिवारी जेवायला नेई.

मित्रांनो, सगळंच गोड झालं असं मात्र नाही. बुडालेल्या पाळ्या बेथनीला भरून काढाव्या लागल्या, आणि शेवटची परीक्षा पुढच्या सत्रावर गेली. तिच्या बरोबरीच्या मुली जुलैत झगे घालून, टोप्या उडवून पास झाल्या. बेथनीने त्यांचे फोटो काढून दिले आणि दुसऱ्या दिवशी पाळीला गेली. ती पास झाली डिसेंबरात. ते मधले महिने तिला भारी गेले. एकदा बसची वाट बघताना ती स्वतःशीच म्हणाली, "नोव्हेंबरातच त्या दारातून आत गेले असते तर." मग बस आली.

नोकरीच्या पहिल्या पगारात तिने स्वतःच्या मापाचा, हिरवा कोट घेतला. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण तिने मला कपाटात टाकलं नाही. आईकडे नेलं. माझं अस्तर पार विरलं होतं. लॉरेनने बऱ्या झालेल्या हाताने ते उसवलं आणि जुन्या पडद्याचं नवं अस्तर घातलं, पिवळ्या फुलांचं. बाहेरून मी अजून महापौर होतो, आतून मात्र स्वयंपाकघराची खिडकी.

बेथनीने मला परत त्या बोळकांडीत आणलं. बर्नडेटनी मला उघडून फुलं पाहिली आणि खूप हसल्या. त्यांनी डोक्यावरून चष्मा काढून डोळे पुसले. मग दोघींनी मिळून मला दांडीवर चढवलं.

आता मला एक उंच माणूस घालतो. त्याचं नाव गॅरेथ, वय चाळिशीच्या पुढे, दोन मुलांचा बाप, शिक्षक व्हायला म्हणून पुन्हा शिकायला आलेला. कितीतरी वर्षांनी मी कोणाला तरी मापात बसलो. तो आला त्या दिवशी त्यानेही आधी आगीचा फलक वाचला. मग मला अंगात घातलं, चारही बटणं लावली, आणि समोरचं दार वाजवलं.

मित्रांनो, मी कापडाचा, मला फार शहाणपण नाही. पण तीन माणसांच्या छातीशी राहून जे कळलं ते सांगतो. आपल्या वस्तू वापरा, फाटल्या तर शिवा, आणि आपल्याला नको झाल्या की ज्याला हव्यात त्याच्यापर्यंत पोचवा. कोणी थकलेलं दिसलं तर त्याला बसवून खाऊ घाला, प्रश्न मागून विचारा. आणि कधी तुमच्यावरच वेळ आली, पोटात भूक आणि तोंडावर हसू असं झालं, तर दाराबाहेर उभे राहू नका. लाज वाटेल. वाटू दे. तिला बरोबर घेऊन आत जा. आत बसलेल्या माणसाला तुमची अडचण होत नाही, तो तिथे बसलाय ते तुमच्यासाठीच.